नावातलं सोनं: कार्डसंचाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

काम ठरलं. शाळांसाठी कार्डांचा संच करायचा. मराठीत ज्या झाडांच्या, पिकांच्या आणि रोजच्या बोलण्यातल्या शब्दांच्या नावात ‘सोन’, ‘सुवर्ण’, ‘कांचन’ किंवा सरळ ‘गोल्डन’ येतं, त्यांचा. पुढे चित्र, मागे चार ओळी. आमच्या मंडळातले सर (वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त) मजकूर तपासणार, चित्रं एक कलाशिक्षिका ताई काढणार, गोळा करणं आणि लिहिणं माझ्याकडे.

कार्डावर मराठी नाव, देवनागरीत शास्त्रीय नाव, कुळ, आणि शेवटी एक रकाना: ‘सोनं कशात?’ हा रकाना सरांनी घालायला लावला. सगळीकडे ‘पिवळं फूल म्हणून सोन’ एवढंच लिहायचं असेल तर संच काढायचाच कशाला, हा त्यांचा प्रश्न. फुलात, चिकात, पानात, बाजारात की नुसतं बोलण्यात, ते नेमकं लिहायचं. नसेलच कुठे, तर ‘नाही’ लिहायचं.

गावांची नावं (सोनई, सोनपेठ, सोनगीर) आणि आडनावं वगळली. त्यात शिरलो तर वर्ष जाईल.

९ फेब्रुवारी

सुरुवात रस्त्याकडेच्या काटेरी तणापासून केली, कारण सध्या ते सगळीकडे फुललंय. पिवळा धोत्रा, कुठे काटेधोत्रा. शास्त्रीय नाव आर्जेमोनी मेक्सिकाना. धोत्र्याशी याचा काही संबंध नाही, हे अफूच्या कुळातलं. पान मोडलं की देठातून गर्द पिवळा चीक येतो, बोटाला लागला की हळदीसारखा डाग. आयुर्वेदात हल्ली याला ‘स्वर्णक्षीरी’ म्हणतात, म्हणजे जिचं दूध सोन्याचं ती. तर सोनं चिकात. कार्ड झालं असं वाटलं.

सरांनी परत पाठवलं. ‘मेक्सिकाना’ शब्दाखाली रेघ ओढून. हे झाड अमेरिका खंडातलं, म्हणजे इकडे आलं ते पोर्तुगीजांच्या काळात किंवा त्यानंतर. स्वर्णक्षीरीचं नाव चरकसंहितेत आहे. मग ती स्वर्णक्षीरी हे झाड असूच शकत नाही. पिवळ्या चिकाचं कुठलं तरी जुनं औषधी झाड होतं, त्याचं नाव या नव्या पाहुण्याला चिकटलं. कार्डावर आता दोन ओळी आहेत: चीक सोनेरी, नाव उसनं.

तिसरी ओळ मुलांसाठी इशाऱ्याची. याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की अंगावर सूज येते, हृदयावर ताण येतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीने साठाहून अधिक माणसं दगावली.

खऱ्या धोत्र्याचं संस्कृत नाव मात्र ‘कनक’. फूल पांढरं किंवा जांभळं, झाड विषारी, आणि नाव सोन्याचं. खोकल्या-दम्यासाठी वैद्य देतात त्या कनकासवातलं कनक म्हणजे हाच धोत्रा, सोन्याचा कण नाही त्यात. दोन्ही धोत्रे एकाच कार्डाच्या दोन बाजूंना टाकायचे का? सरांना पसंत नाही. म्हणाले, “पोरं विषारी झाडाच्या बाबतीत गोंधळली तर आपल्याला महागात पडेल.” बरोबर आहे. वेगळी कार्डं.

२ मार्च

चाफ्यांचा दिवस. मंडईत सोनचाफा वजनावर नाही, नगावर मिळतो. मावशींकडून थोडी फुलं घेतली आणि घरी एक फूल पाकळी-पाकळी सोडवत बसलो. बाहेरचं पुष्पकोश आणि आतल्या पाकळ्या असा भेदच नाही, सगळी पानं एकसारखी. मधल्या दांड्यावर खाली पुंकेसरांचा झुबका, वर हिरवे बारके स्त्रीकेसर, सगळं मळसूत्रासारखं चढत गेलेलं. ही फार जुन्या घडणीची फुलं, मॅग्नोलियाच्या कुळातली. आधीचं नाव मिशेलिया चंपाका. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अँतोनिओ मिकेली यांच्यावरून लिनियसने दिलेलं. आता मिशेलिया मॅग्नोलियात विलीन झाल्यामुळे मॅग्नोलिया चंपाका.

सोनं कशात? इथे उत्तर सोपं: फुलात. सकाळी फिकट, दुपारपर्यंत जर्द. त्यातला वसईचा चाफा मुंबईत नावाजलेला, पहाटेच दादरला पोचतो.

पण ‘सोन’ का जोडावं लागलं, ते बाकीचे चाफे मांडल्यावर कळतं. देवळापाशी असतो तो पांढरा चाफा, चिकाचा, म्हणजे प्लुमेरिया. करवीर-कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा अमेरिकेकडचा. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. नागचाफा आणखी वेगळा. भुईचाफा तर हळदीच्या जातकुळीतला, जमिनीतूनच फूल काढणारा. ही कुणी एकमेकांची भावंडं नव्हेत. मराठीत चाफा हे झाडाचं नाव राहिलेलंच नाही, वासाच्या फुलाचं नाव झालंय. म्हणून मग सोन, हिरवा, नाग, भुई अशी ओळखपत्रं द्यावी लागली. हिंदीत ‘कनकचंपा’ म्हणतात तो आपला मुचकुंद, तो या यादीत कुठेच बसत नाही.

मावशींना विचारलं, पांढऱ्या चाफ्याला तुम्ही काय म्हणता? “चाफाच की. देवाचा.” आणि सोनचाफ्याला? “त्यो बायकांचा.”

हे कार्डावर घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

२३ मार्च

सोनमोहर. गुलमोहराच्या धर्तीवर घडवलेलं नाव, हे उघड आहे. गुलमोहर मादागास्करचा, सोनमोहर आग्नेय आशिया, श्रीलंका आणि उत्तर ऑस्ट्रेलियाकडचा. आपल्याकडे दोघेही रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावले गेले आणि शेजारी शेजारी वाढले. फुलं पिवळीधमक, उभ्या तुऱ्यात. झाडाखाली पार्क केलेल्या गाड्यांवर सकाळी पिवळा सडा. इंग्रजीत मात्र याला तांबं दिलंय, कॉपर पॉड. कारण त्यांनी फूल न बघता शेंग बघितली. शेंगा तांबूस तपकिरी, चपट्या, महिनोन्‌महिने लटकलेल्या. एकाच झाडावर एका भाषेला सोनं दिसलं आणि दुसरीला तांबं. कार्डावर दोन्ही चित्रं हवीत, ताईंना कळवलं.

सोनसावरही याच हंगामात. गणेर असंही नाव. झाडावर एक पान नाही, वेडीवाकडी राखाडी फांदी, आणि टोकाला तळहाताएवढं पिवळं फूल. बोंडात कापूस असतो म्हणून सावर. काटेसावरीशी तेवढंच साम्य, कूळ निराळं. शास्त्रीय नाव कॉक्लोस्पर्मम रिलिजिओसम.

१४ एप्रिल

आज विषू, केरळचं नववर्ष. पहाटे पहिल्या दर्शनासाठी मांडतात त्या कणीच्या ताटात कणिकोन्ना, म्हणजे आपला बहावा. तिथलं ते राज्यफूल, थायलंडचं राष्ट्रीय फूल. इंग्रजीत गोल्डन शॉवर. बंगालीत सोनालू, ओडियात सुनारी. सोन्याच्या नावावर सगळ्यात मोठा हक्क असलेलं झाड हेच, आणि मराठीत त्याला म्हणायचं बहावा!

सरांचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. मराठी नावात सोनं नाही, कार्ड नाही. माझं म्हणणं, बहाव्याशिवाय संच काढला तर पहिला प्रश्न तोच येणार. बराच वेळ ताणलं. शेवटी तोड निघाली: कार्ड नाही, पण संचाच्या खोक्यावर चित्र बहाव्याचं. नाव छापायचं नाही, मुलांनी ओळखायचं.

बहावा फुलला की दीडेक महिन्यात पाऊस, असं खेड्यांतून म्हणतात. सर यावर नुसतं हसले. “झाड उन्हाळ्यात फुलतं आणि उन्हाळ्यानंतर पाऊस येतो, यात भविष्य कसलं?”

११ मे

सांगलीत राहून हळद टाळणं शक्य नाही. व्यापारी पेठेत तिला ‘पिवळं सोनं’ म्हणतात, आणि इथे सोनं रंगात कमी, दरात जास्त. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मुलांना हरिपूरची पेवं दाखवायला हवीत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे, तोंड अरुंद, पोट मोठं. शिजवून वाळवलेली हळद आत भरून तोंड मातीने बंद करायचं. आत हवा उरत नाही, मग कीडही लागत नाही. त्यामुळेच पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, हवा खेळू देतात आणि मगच माणूस सोडतात. २००५ च्या महापुरात यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, आणि गोदामं आणि शीतगृहं आल्यावर बाकीच्यांची गरजही कमी झाली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मुलं सर्रास वापरतात, पेव पाहिलेलं मूल विरळा.

जेजुरी ‘सोन्याची’ झाली ती याच हळदीमुळे, भंडाऱ्याने. तीच हळद चुन्याबरोबर आली की लाल कुंकू होते. हे पण कार्डावर.

एक जोडओळ: इंग्रजीतला गोल्डन ओरिओल मराठीत हळद्या. ओरिओल हा शब्द मुळात लॅटिनमधल्या सोनेरी या अर्थाच्या शब्दापासून आलेला, म्हणजे इंग्रजांनी त्या पक्ष्याला दोनदा सोन्याने मढवलं. आपण स्वयंपाकघरातला डबा उघडला. माझं मत विचाराल तर हळद्या जास्त अचूक आहे, तो पिवळा सोन्याचा नाहीच, हळदीचाच आहे. गोल्डन जॅकलला तर आपण नुसतं कोल्हा म्हणून मोकळे झालो. सोनं वाट्याला आलं ते सोनपाठी सुतार पक्ष्याच्या, आणि त्याची पाठ बघितली की ते पटतं.

२२ जून

नर्सरीत ‘गोल्डन’चा सुकाळ. हे शब्द मराठीच धरले, कारण माळीदादा दुसरं काही म्हणतच नाहीत.

गोल्डन ड्युरांटा: बागेच्या कडेला असतं ते पोपटी-पिवळं कुंपण. दादांना विचारलं, गोल्डन का? “ऊन लागलं की सोन्यावानी होतंय. सावलीत ठिवलं की हिरवं पडतंय.” त्यांनी लगेच दोन कुंड्या शेजारी ठेवून दाखवल्या, एक शेडनेटखालची, एक उघड्यावरची. एकाच फांदीची कलमं, पण एक हिरवं, एक पिवळं. सोनं कशात? उन्हात. संचातलं माझं सगळ्यात आवडतं उत्तर हे.

पण इंग्रजीतलं नाव ‘गोल्डन ड्यूड्रॉप’, आणि त्यात पानाचा उल्लेखच नाही. ते नाव फळाचं: नारिंगी-पिवळ्या मण्यांचे घोस. आपल्याकडे कुंपण म्हणून सतत छाटत राहिल्यामुळे फुलंच टिकत नाहीत, मग फळं कुठली. न छाटलेलं झाड दिसलं तर मुलांनी लांब राहावं, मणी विषारी असतात.

मनी प्लांट: जगभर गोल्डन पोथॉस, शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम, त्यातही ‘ऑरियम’ म्हणजे सोनेरी. पानावरच्या पिवळ्या फराट्यांवरून. मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटाचा. याला फूल कुणी सहसा पाहिलेलं नसतं, कारण फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं त्याचं जनुक नीट चालत नाही. गंमत अशी की पैशाचं नाव आपण दिलं, सोन्याचं त्यांनी, आणि झाड मिळतं शेजाऱ्याकडून फुकट.

गोल्डन बांबू म्हणून विकतात तो पिवळ्या कांड्यांवर हिरव्या रेघांचा. इंग्रजी पुस्तकातला गोल्डन बांबू वेगळा, चिनी जातीचा. अरेका पाम राहिला, नंतर बघू.

१३ जुलै

झाडांना पावसाची सुट्टी. आज शब्द.

सुवर्णमहोत्सव, सुवर्णसंधी, सुवर्णयुग: प्रत्येकी एक ओळ पुरे. पन्नास वर्षं, चुकवू नये असा मोका, आणि जे नेहमी आपल्या जन्माआधीच संपलेलं असतं ते.

सुवर्णमध्याला जास्त जागा दिली. वर्तमानपत्रात दोन गटांच्या मागण्यांत ‘सुवर्णमध्य’ निघतो तो तडजोड या अर्थाने, थोडं तुझं थोडं माझं. मूळ कल्पना अशी नाही. अॅरिस्टॉटलच्या मांडणीत भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये धैर्य असतं, आणि ते दोन्हींची सरासरी नसून दोन्हींहून चांगलं असतं. त्याला सोन्याचं विशेषण जोडलं रोमन कवी होरेसने. नववीच्या मुलांना हे झेपेल.

सुवर्ण चतुष्कोन: दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारे ५,८४६ किलोमीटरचे महामार्ग. आपल्या पेठ नाक्यावरून जाणारा पुणे-बेंगळुरू रस्ता ही त्याची मुंबई-चेन्नई बाजू. रोज ज्या रस्त्याला ‘हायवे’ म्हणतो त्याचं हे नाव मुलांना माहीत नसतं. त्याच रस्त्याशी जोडलेला दुसरा शब्द गोल्डन अवर. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्याची व्याख्याच आली: गंभीर इजा झाल्यानंतरचा पहिला एक तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. छायाचित्रकारांचा गोल्डन अवर वेगळा, सूर्य क्षितिजाजवळ असतानाचा. एकाच कार्डावर दोन्ही ठेवले, ताईंची हरकत असूनही.

आणि सोनखत. हा शब्द घेऊन मी बैठकीत गेलो तेव्हा निम्मे जण हसले, उरलेल्यांना अर्थ माहीत नव्हता. सोनखत म्हणजे माणसाच्या मैल्याचं कुजवून केलेलं खत. कोकणचे गांधी म्हणवले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात यावर आयुष्याची बरीच वर्षं घालवली. भंगीमुक्तीचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं की नुसता उपदेश करून डोक्यावरची पाटी उतरत नाही, संडासच असा हवा की मैला कुणाला हाताने उचलावा लागू नये आणि शेताला खत मिळावं. त्यातून गोपुरी संडास आला. सोनं कशात? उकिरड्यात. ज्या वस्तूला कुणी शिवत नाही तिच्या नावाला मुद्दाम सोनं लावणं हा त्या काळातला केवढा धीट प्रचार होता, ते कार्डावरच्या चार ओळींत बसवायचंय. शाळांनी हे कार्ड बाजूला काढू नये एवढीच अपेक्षा.

बावनकशी घेतला (कसोटीच्या दगडावर घासून कस बघणं, चित्र काढायला छान). सोनेरी टोळी सरांना नको होती, मला हवी होती. ठगांना सोनेरी म्हणणाऱ्या भाषेची जातच वेगळी. मतदानात मी हरलो. सोनसाखळीवर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं, बातम्यांत ती फक्त चोरीला जाण्यापुरती येते.

३ ऑगस्ट

शास्त्रीय नावांत लपलेलं सोनं. ग्रीकमध्ये ‘क्रिसॉस’ म्हणजे सोनं, त्यामुळे ‘क्रिस’ दिसलं की थांबायचं. क्रिसँथेमम, सोनफूल: आपली शेवंती. क्रिसोपोगॉन, सोनेरी दाढी: आपला वाळा! माठात टाकतो त्या मुळांचा यात संबंध नाही, या प्रजातीतल्या गवतांच्या कणसांना तळाशी जे सोनेरी केस असतात त्यांची ही दाढी. वाळ्याचं कणीस शहरात कोण बघतो? म्हणूनच कार्ड हवं.

लॅटिनमध्ये ‘ऑरियस’. मुगाचं जुनं नाव फॅसिओलस ऑरियस, म्हणजे शास्त्राच्या लेखी हिरवा मूग एके काळी सोन्याचा होता. आता व्हिग्ना रेडिएटा.

किरकोळ: सोनामुखी, पोट साफ करणारी पानं. युनानी वैद्यकात हिला सना-मक्की म्हणतात, उच्चार करून बघा, सोनामुखी किती जवळ येते. दुकानातला सोना मसुरी तांदूळ म्हणजे ‘सोना’ आणि ‘माहसुरी’ या दोन भातजातींचा संकर, माहसुरी आली मलेशियातून. मैसूरशी नातं नाही.

गोल्डन राईस घ्यायचा की नाही यावर वाद. इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये जाहीर केलेला, ‘अ’ जीवनसत्त्वासाठी बीटा कॅरोटिन घातलेला पिवळा तांदूळ. त्यातलं एक जनुक डॅफोडिलच्या फुलातलं, एक जिवाणूतलं. फिलिपिन्सने २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली, २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती काढून घेतली. घेतला. सोनं दाण्यात आहे, एवढं तरी निर्विवाद.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या, सोनपावलांनी. हळदी-कुंकवाची पावलं ओली आहेत तोवर ताईंनी फोटो काढले, शब्दांच्या गटात हे कार्ड जाईल.

शेजारच्या काकूंच्या परसात सोनटक्का फुललाय. फूल पांढरंशुभ्र. मधल्या पाकळीच्या बुडाशी पुसटशी पिवळसर झाक, तीही शोधून बघावी लागते. शास्त्रीय नाव हेडिकियम कोरोनेरियम, ग्रीकमधून अर्थ निघतो ‘गोड बर्फ’. क्यूबाचं हे राष्ट्रीय फूल, तिथे त्याला पांढरं फुलपाखरू म्हणतात. बर्फ, फुलपाखरू, दोन्हीकडे पांढरं, आणि मराठीत सोनं. पिवळ्या फुलांचा सोनटक्काही असतो हे खरं, पण काकूंच्या आणि बहुतेकांच्या परसातला पांढराच.

काकू म्हणाल्या, “अहो, वास घ्या की आधी.” रकान्यात ‘नाही’ लिहिलं. संचातला हा पहिला नकार, आणि सरांनी तो विनातक्रार मंजूर केला.

१४ सप्टेंबर

कास. सोनकीसाठी. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यांमधून सोनकीचे पिवळे पट्टे गेलेले, मध्ये धुकं येऊन जात होतं. सेनेसिओ बाँबेएन्सिस, सूर्यफुलाच्या कुळातली. कास जागतिक वारशात आलं २०१२ मध्ये, तेव्हापासून गर्दी इतकी की कुंपणाबाहेरूनच बघावं लागतं. मला ते बरंच वाटतं. हरिश्चंद्रगडावर, राजगडावर सोनकी कुंपणाशिवाय भेटते, चालायची तयारी असली तर.

वाटेवर पडलेलं एक फूल भिंगाखाली धरलं. ‘पाकळी’ म्हणून ओढली ती पाकळी नव्हे, अख्खं एक फूल: बुडाशी तिचा स्वतःचा स्त्रीकेसर, दोन टोकांना फाटलेला. मधला गोल म्हणजे नळीसारख्या फुलांची दाटी, बाहेरच्या रांगा उमललेल्या, आतल्या अजून मिटलेल्या. आपण ज्याला एक सोनकी म्हणतो ती एक वस्तीच असते. ताईंना हेच चित्र मोठं करून हवंय.

२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी सातला मंडईत पोचलो. सोन्याचे ढीग लागलेले. बऱ्याच ढिगांत पान आपट्याचं नव्हतं, कांचनाचं होतं.

दोन्ही पानं शेजारी ठेवली की फरक कळतो. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड, खरखरीत, खालून राखाडी लव. कांचनाचं मोठं, पातळ, गुळगुळीत, तळहातभर. दोघांच्याही पानाला मध्ये खाच, कारण दोघंही बाउहिनिया या एकाच प्रजातीतले. हे नाव योहान आणि कास्पार बाउहिन या दोन भावांवरून, जोडपानाचे दोन भाग म्हणजे दोन भाऊ. शांतपणे विचार केला तर हा सगळा मामला विलक्षण आहे. कांचन या शब्दाचाच अर्थ सोनं, पण कांचनाची फुलं जांभळी, गुलाबी, पांढरी. आपट्याच्या नावात सोनं नाही, फुलं बारीक आणि फिकट, पण वर्षातून एक दिवस त्याचं पान सोनं होतं. आणि त्या दिवशी बाजारात आपट्याच्या जागी जातो तो कांचन.

मावशींना म्हटलं, हे आपट्याचं नाही. “आज समदं सोनंच की ओ. घ्या दहाची जुडी.” घेतली.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते: वरतंतूचा शिष्य कौत्स, चौदा विद्यांची गुरुदक्षिणा म्हणून चौदा कोटी सुवर्णमुद्रा, रघुराजाची कुबेरावर स्वारीची तयारी, आणि आपट्यावर सोन्याचा पाऊस. रघुवंशाचा पाचवा सर्ग आज मुद्दाम उघडला. कालिदासाच्या सांगण्यात सोनं पडतं ते रघूच्या कोषागारात. झाड नाही. ते झाड गोष्टीत लोकांनी आणलं. पूजेच्या वेळी म्हणतात त्या ‘अश्मन्तक महावृक्ष महादोषनिवारण’ या श्लोकातही सोन्याचा शब्द नाही, मागणं आहे आप्तांच्या भेटीचं आणि शत्रूच्या नाशाचं. मोहिमेवर निघालेल्या माणसाचं मागणं ते. सीमोल्लंघन आधी, सोनं नंतर. आपल्याकडे म्हणतात तेही ‘शिलंगणाचं सोनं’, शिलंगण म्हणजे सीमोल्लंघनच.

संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकातलं सोनं लुटणं मोबाइलवर पाहिलं. पूजा संपली रे संपली की गर्दी पानांवर तुटून पडते. तिथे आपट्याच्या फांद्यांची चिंता कुणाला असायची? पण बाकीच्या दिवसांत या झाडाकडे बघणारं कोण आहे, हाही प्रश्नच. एके काळी विड्या वळायला याचं पान जायचं, सालीचे दोर व्हायचे. आता फक्त दसरा.

‘सोनं कशात?’ या रकान्यावर आज रात्री बराच खल झाला. सर म्हणतात ‘पानात’ लिहा. पान हिरवं आहे, राखाडी आहे, सोनं पानात नाही, असं मी म्हणतो. ताई म्हणाल्या ‘देण्यात’ लिहा. ते फार गोड होतंय. शेवटी लिहिलं: ‘दसऱ्याच्या दिवशी पानात, एरवी नाही.’ कांचनाच्या कार्डावर: ‘नावात.’ दोन्ही पानांची चित्रं मूळ आकारात छापायची, म्हणजे पुढच्या वर्षी मुलं मंडईत कार्ड घेऊन जाऊ शकतील.

१२ ऑक्टोबर

छापखान्यातून नमुना आला. ‘सोन’ हे अक्षर सोनेरी शाईत करण्याचा बेत दर बघून सोडला, पिवळ्यावर भागवलं. पिवळं पांढऱ्या कागदावर वाचता येत नाही, मग काळी कड दिली.

सोनटक्क्याच्या चित्रात पिवळा रंग जास्त झालाय, कमी करायला सांगितला. ड्युरांट्याच्या दोन कुंड्या झकास. अरेका पाम आणि सोनकेळ पुढच्या संचावर टाकले. सोनखताचं कार्ड क्रमाने मधोमध ठेवलंय, शेवटी असलं की गळतं.

वाळ्याचं चित्र परत पाठवलं. ताईंनी सुंदर मुळं काढलीत, माठासकट. दाढी कणसात असते, मुळात नाही. एका शेतकऱ्याच्या बांधावर वाळा फुलावर आलाय असं कळलं, रविवारी ताईंना घेऊन तिकडे जायचं. ते एक चित्र आलं की संच छपाईला जाईल.